झेरॉक्सची पानं उलटी लागली आणि एका गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्या

मलप्रभाकाठ
रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. खानापुरात आमचं अकरा जणांचं वाचनमंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी सोप्यात बसतो, घरून वाचून आणलेल्या एका कथेवर बोलतो, चहा होतो आणि सातच्या आत सगळे आपापल्या वाटेला लागतात. काल नऊ वाजले तरी कुणी उठेना. म्हणून हा धागा काढतो आहे.

कथा आमच्या ओळखीतल्याच एकानं लिहिलेली, हातानं लिहिलेली चौदा पानं. अजून कुठे छापलेली नाही. दोन भाऊ. धाकटा मुंबईला. त्यानं दिलेल्या वटमुखत्यारपत्रावर थोरला नदीकाठचं सामाईक शेत विकून टाकतो आणि का विकलं ते सांगत नाही. धाकटा गावी येतो, वेशीत चार माणसांदेखत त्याला चोर म्हणतो आणि रात्रीच्या गाडीनं परत जातो. पुढे बावीस वर्षं बोलणं नाही. थोरला वारतो. धाकटा दिवसाला येतो तेव्हा ट्रंकेत मिरजेच्या दवाखान्याच्या पावत्या सापडतात. आईच्या आजारपणाच्या. ‘मुंबईला कळवू नको’ अशी शपथ आईनंच घातलेली असते.

झालं असं की झेरॉक्स काढताना अकरापैकी पाच संचांत शेवटची तीन पानं वर लागली. पानांवर आकडे नव्हते. त्या पाच जणांनी कथा तशीच वाचली, आधी मरण, ट्रंक आणि पावत्या, मग लहानपण, मग शेत, मग वेशीतलं भांडण. कुणालाही संशय आला नाही. लेखकानं मुद्दाम असंच लिहिलंय असं त्यांना वाटलं.

आणि मग तास-दीड तास आम्ही भांडलो. सहा जण म्हणत होते, ही धाकट्याची गोष्ट आहे, शेवटी त्याच्याबरोबर आमचीही मान खाली गेली, कारण चोर आम्हीही म्हटलं होतं. पाच जण म्हणत होते, ही थोरल्याची गोष्ट आहे. वेशीतल्या प्रसंगात तो एक शब्दही बोलत नाही, नुसता टोपी काढून हातात धरतो. ते वाचताना एकीला रडू आवरलं नव्हतं. आम्हा सहा जणांपैकी कुणालाच ती टोपी आठवत नव्हती! शेवटी मी पानं काढून वाचून दाखवायला लागलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, अहो, हे पान माझ्याकडे पुढे आहे.

घटना त्याच, वाक्यं तीच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मग आम्हाला समजलेल्या गोष्टी दोन कशा झाल्या? काळ मागेपुढे केला की वाचकाला जास्त कळतं, की लेखक त्याला आपल्या मनासारखा फिरवतो? तुमचे अनुभव सांगा. घाई नाही, सविस्तर लिहा.

निपाणीकर
रविवार, सकाळी १०.०५

सरळ लावलेलीच कथा खरी. वाचक फसला पाहिजे, तरच त्या पावत्यांना अर्थ. पाच जणांचं नुकसान झालं, एवढंच म्हणेन.

जुनीपाने
रविवार, सकाळी १०.५०

निपाणीकर दादा, नुकसान कसं? सहा जणांना टोपी दिसली नाही हे नुकसान नाही का? आणि तीच कथा तुम्ही दुसऱ्यांदा वाचायला घेतलीत तर काय होईल? पावत्या तुम्हाला आधीच ठाऊक असतील. म्हणजे दुसऱ्या वाचनात पानं सगळ्यांचीच उलटी लागलेली असतात. त्या पाच जणांना दुसरं वाचन पहिल्यांदाच मिळालं.

शहापूरचामाग
रविवार, दुपारी १.१५

माझं शिक्षण सातवी. चाळीस वर्षं साड्या विणल्या, आता पोरगा यंत्रमाग बघतो. वाचनाची आवड आईमुळे. रात्री जेवण झालं की तासभर वाचतो, डोळे मिटायला लागले की खूण घालून ठेवतो.

मला काळ मागेपुढे केलेल्या कादंबऱ्या आवडत नाहीत, हे मोकळेपणानं सांगतो. एका रात्री माणूस म्हातारा असतो, दुसऱ्या रात्री पुस्तक उघडलं की शाळेत जातोय. मला वाटतं मीच काहीतरी चुकलो, म्हणून दहा पानं मागं जातो. विणताना उभ्या धाग्यांचा ताणा सरळ आणि ताठ असला तरच आडवा धोटा पाहिजे तसा खेळवता येतो. नक्षी पुढेमागे होते ती आडव्या बाण्यात, ताण्यात नाही. या नव्या लोकांचा ताणाच सापडत नाही. कुठल्या सालातली गोष्ट आहे ते तरी सांगा, बाकी आम्ही बघून घेतो.

निपाणीकर
रविवार, दुपारी १.३०

काका, मनातलं बोललात.

जुनीपाने
रविवार, दुपारी ३.२०

काका, तुमची तक्रार मान्य. पण हे नव्या लोकांचं नाही. तुम्ही पारावर ऐकलेलं महाभारतच घ्या. भीष्मपर्वात युद्धाचे दहा दिवस संपल्यावर संजय रणांगणावरून हस्तिनापुरात येतो आणि आल्या आल्या धृतराष्ट्राला सांगतो की भीष्म पडले. आधी शेवट. मग म्हातारा कोसळतो, विलाप करतो, विचारतो की हे झालं तरी कसं, आणि संजय मागे जाऊन पहिल्या दिवसाच्याही आधीपासून सांगायला लागतो. गीता त्यानंतर येते. म्हणजे अख्खी गीता, आजच्या भाषेत बोलायचं तर, फ्लॅशबॅकमध्ये आहे!

गीतेतला धृतराष्ट्राचा पहिला प्रश्न आठवा. ‘किमकुर्वत’. काय करताहेत असं तो विचारत नाही, काय केलं असं विचारतो. क्रियापद भूतकाळाचं आहे. लहानपणी पाठ करताना मला वाटायचं की समोर युद्ध चाललंय आणि आंधळा राजा उत्सुकतेनं विचारतोय. पण तो प्रश्न विचारताना भीष्म पडल्याचं त्याला कळलेलं आहे. हे समजलं त्या दिवसापासून तो श्लोक मला वेगळाच ऐकू येतो. ती उत्सुकता नाही. घरात मयत झाल्यावर आपण ‘शेवटी काय म्हणाले, पाणी मागितलं का’ असं पुन्हा पुन्हा विचारतो ना, तसं ते विचारणं आहे.

घाटमाथा
रविवार, दुपारी ३.४५

हे इतक्या वेळा वाचूनही कधी लक्षात आलं नव्हतं. भीष्मपर्व परत काढतो.

कुंदावाली
रविवार, संध्याकाळी ५.००

आमच्या सासूबाईंना मालिकेत फ्लॅशबॅक लागलेला लगेच कळतो. रंग उडाले की त्या कुकर लावायला उठतात. म्हणतात, ‘हे झालेलं आहे, आता काही व्हायचं नाही.’ :)

दुभाषी
रविवार, रात्री ९.३०

कुंदावाली ताई, सासूबाईंचं निरीक्षण पक्कं आहे. मागच्या काळात गेल्यावर वर्तमानातलं काहीच बदलणार नसेल, तर उठून कुकर लावलेलाच बरा. मागं जाऊन आल्यावर आपण त्याच माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो, तेव्हाच तो फेरा कामाचा.

मी वडगावात राहते, मराठीतून कन्नडमध्ये आणि उलट भाषांतरं करते. काळाची अडचण मला कादंबरीच्या रचनेत नंतर येते, आधी साध्या शब्दातच येते. आपला ‘परवा’ घ्या. होऊन गेलेला परवा आणि यायचा परवा, दोन्हीला एकच शब्द. कन्नडमध्ये मागचा तो ‘मोन्ने’ आणि पुढचा तो ‘नाडिद्दु’. एका मराठी कथेची सुरुवात अशी होती की परवाच्या लग्नासाठी आणलेली साडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेली आहे. लग्न झालंय की व्हायचंय? पुढचे तीन परिच्छेद कळत नाही. आणि कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो, कारण लग्न मोडलेलं असतं, परवा यायचा होता तो आलाच नाही. कन्नडमध्ये मला पहिल्याच ओळीत ठरवावं लागणार होतं. मोन्ने लिहिलं तर खोटं, नाडिद्दु लिहिलं तरी खोटं. दोन दिवस अडून बसले. शेवटी दिवस काढून टाकला, नुसतं ‘मदुवेय सीरे’, लग्नाची साडी, एवढंच ठेवलं. अर्थ पोचला, ते अधांतरी राहणं पोचलं नाही. अजून सलतं.

दुसरी गोष्ट मराठीची जमेची. ‘तो म्हणाला, मी उद्या येतो.’ बोलणं वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी ‘येतो’ हे ‘येतो’च राहतं. आपल्या बेळगावकडच्या बोलीत तर ‘येतो करून सांगून गेला’. माणूस कधीच मेलेला असतो, त्याचं ‘येतो’ मात्र ताजं. मराठी लेखकाला मागं जायला दार उघडावं लागत नाही, उंबराच नाही.

गोकाकचीपोर
रविवार, रात्री १०.४०

मी पहिल्यांदा लिहायलोय इथं. चुकलं तर सांभाळून घ्या. घरात मराठी खरं शाळा सगळी कन्नड मीडियम. मराठी वाचायला मला वेळ लागतोय. अक्षरं एकेक लावून वाचतो म्हटलं तरी चालेल. त्यामुळे शहापूरच्या काकांचं मला पटलं. काळ बदलला हे लक्षात येईपर्यंत दोन पानं गेलेली असतात.

खरं भैरप्पांची महाभारतावरची कादंबरी ‘पर्व’ मी कन्नडमध्ये वाचलीय. त्यात युद्धाची तयारी चाललेली असते आणि एकेक जण आपलं आयुष्य आठवत असतो. सुरुवात म्हाताऱ्या शल्य राजापासून. तिथं मला त्रास झाला नाही. म्हणजे त्रास काळाचा की भाषेचा, हे मला कळेना. आता मराठी ‘पर्व’ आणलंय, ताडून बघणार.

दुभाषी
रविवार, रात्री ११.०५

पोरी, छान लिहिलंस. मराठी ‘पर्व’चं भाषांतर उमा कुलकर्णींचं, आणि त्यांचा जन्म आपल्या बेळगावचा. ताडून झालं की इथे नक्की लिही. ‘पर्व’मध्ये तुला त्रास का झाला नसेल? माझ्या मते, सगळ्या आठवणी एका खुंटीला बांधल्यात म्हणून. युद्ध येऊ घातलंय. कुणीही कितीही मागं गेलं तरी परत येण्याची जागा तीच. काका म्हणतात तो ताणा हाच असावा.

घाटमाथा
सोमवार, सकाळी ७.१५

मी महाविद्यालयात साहित्य शिकवतो. थोडं शास्त्र सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. जेरार जनेत या फ्रेंच अभ्यासकानं १९७२ मध्ये कथेतल्या काळाचे तीन प्रश्न वेगळे केले. क्रम, कालावधी आणि वारंवारता. काय आधी सांगितलं, कशाला किती जागा दिली आणि एकच गोष्ट किती वेळा सांगितली.

खानापूरच्या प्रयोगात सगळे क्रमाबद्दल बोलताहेत. पण कालावधीकडे बघा. बावीस वर्षांचा अबोला मूळ कथेत किती ओळींत आहे? माझा अंदाज, दोन-तीन ओळी. सहा जणांनी त्या ओळी भरभर ओलांडल्या असतील, कारण भांडण होऊन गेलं होतं आणि पुढे काय ते हवं होतं. ज्यांना पावत्यांचं ठाऊक होतं त्यांना त्याच दोन ओळी जड गेल्या असतील. घड्याळ तेच, पण वाचकाच्या मनातला कालावधी बदलला.

मलप्रभाकाठ
सोमवार, सकाळी ८.००

सर, नेमकी एक ओळ आहे. ‘मग बावीस पावसाळे गेले.’ उलट्या संचातल्या एका काकूंनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय. आमच्या सहा संचांत कुणाचीच नाही.

हिडकलकाठ
सोमवार, दुपारी १२.२०

थोडं अवांतर, पण शेवटी धाग्याशीच येईन.

माझं आजोळ घटप्रभेकाठचं, हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. हुन्नूरचं विठ्ठलमंदिरही धरणात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं. आधी शिखर, मग खांब. पावसाळ्यात परत जातं. दर उन्हाळ्यात आजी तिकडं न्यायची आणि चिखलात उभी राहून बोटानं दाखवायची, इथं कट्टा होता, इथनं आम्ही पाण्याला जायचो. आजी कधीच साल सांगत नसे. तिचे काळ दोनच, ‘पाण्याच्या आदी’ आणि ‘पाण्यानंतर’. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, कुणाचं भांडण, सगळं या दोन कप्प्यांत.

मोठेपणी मी कथा लिहिल्या. एका कथेत आजी बोलते आणि सरळ एवढंच म्हणते, ‘हे पाण्याच्या आदीचं.’ पुण्याच्या एका वाचकानं कळवलं की काळ समजत नाही, साल टाका. हुक्केरी तालुक्यातल्या कुणालाही ते वाक्य पुरेसं होतं. मी बराच विचार केला आणि साल टाकलं नाही. दोन पानं आधी धरणाचं पाणी गावात शिरतानाचा प्रसंग घातला. घरातली चूल सोडून जाताना आजी तीतली राख पदरात बांधून घेते, एवढाच. आता वाचणारा कुठलाही असो, त्याच्यापुढे आधी आणि नंतर दोन्ही उभे राहतात. साल टाकलं असतं तर तारीख कळली असती, काय गेलं ते कळलं नसतं.

निपाणीकर
सोमवार, दुपारी १.००

अप्रतिम. यावर विरोध करायला माझ्याकडे काही नाही.

आणि आपल्या भागात सालाची गरजच कमी. कथेत एसटीच्या पाटीवर ‘म्हैसूर राज्य’ असलं की गोष्ट १९७३च्या आधीची, कारण त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्याचं नाव कर्नाटक झालं. तिकिटाचे पैसे आण्यांत असले की १९५७च्या आधीची, नाहीतर नया पैसा रुळेपर्यंतची. स्टेशनवर ‘बेळगावी’ लिहिलेलं दिसलं तर २०१४च्या नंतरची. लेखकानं नुसती पाटी दाखवावी.

जुनीपाने
सोमवार, दुपारी २.१०

आणि प्रकरणावर नुसतं ‘१ नोव्हेंबर’ लिहिलं तर? १९५६च्या त्या तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. एका घरात तो राज्योत्सव, शेजारच्या घरात काळा दिन. माझ्या वर्गात दोन्ही घरांतल्या मुली होत्या, डबा एकत्र खायचो. तारीख एकच, पण ती वाचून कुणाला मिरवणूक आठवेल, कुणाला काळी फीत. म्हणून तारीख दिली की काळ स्पष्ट झाला, असं मला वाटत नाही. वाचक स्वतःचा काळ घेऊन येतो.

(मंडळी, सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, इथे कथेपुरतंच राहू या.)

निवृत्तमास्तर
सोमवार, संध्याकाळी ६.३०

कडोलीच्या साहित्य संमेलनात एकदा कथालेखनावर बोलताना मी क्रियापदांबद्दल सांगितलं होतं. शहापूरच्या बंधूंसाठी इथे पुन्हा सांगतो.

मराठीत मागं जाण्याची खूण क्रियापदात असते. ‘ती ओसरीवर बसली. दहा वर्षांपूर्वी याच ओसरीवर तिचा मुलगा आला होता. हातात बॅग होती. त्यानं चपला काढल्या, आत आला, पाणी मागितलं.’ पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘आला होता’, मग लेखक हळूच ‘होता’ सोडून देतो आणि साध्या भूतकाळात शिरतो. वाचणाऱ्यानं ते एकटं ‘होता’ पकडलं की वाट चुकत नाही. आणि ‘आजी पहाटे उठे, जात्यावर बसे, ओवी गाई’ असं आलं की समजावं, ही एका दिवसाची गोष्ट नाही, वर्षानुवर्षांची आहे. तिथून अचानक ‘एके दिवशी आजी उठली नाही’ असं आलं की काळजात होतं ते त्या ‘उठे’मुळे. आधी ‘उठे’ नसतं तर ‘उठली नाही’ला एवढं वजन आलं नसतं.

शाळेत आम्ही हे रीती भूतकाळ म्हणून गुणांसाठी शिकवलं. वाचनासाठी शिकवायला हवं होतं.

शहापूरचामाग
सोमवार, रात्री ९.५०

मास्तर, तुमचं वाचलं आणि लगेच अर्धवट टाकलेली एक कादंबरी काढली. ‘होता’ शोधत गेलो. सापडतोय. तीन ठिकाणी सापडला, चौथ्या ठिकाणी लेखकानं घातलेलाच नाही, तिथं मी मागच्या वेळी अडलो होतो. म्हणजे दोष सगळा माझा नव्हता.

आकाशकंदील
मंगळवार, सकाळी ६.१०

मी दोन दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

मी अनगोळला राहते. आई एक्क्याऐंशीची आहे. तीन वर्षं झाली, तिची आठवण विस्कटत चालली आहे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, तरी दिवेलागणीला ती विचारते, ‘हे आले का कोर्टातून?’ सुरुवातीला मी सांगायची, आई, बाबा नाहीत. प्रत्येक वेळी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडायची. आता मी म्हणते, येतील. दुभाषी ताईंनी ‘येतो’बद्दल लिहिलं ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

आई मोठी वाचक होती. म्हणून रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवते. मला वाटलं होतं की सोप्या, सरळ गोष्टी घ्याव्यात. पण सरळ गोष्टीत तिला सुरुवातच आठवत नाही, मग शेवट तिला कुणाचा ते कळत नाही. चिडते, पुस्तक बाजूला कर म्हणते. एकदा एक जुनी कथा हाताला लागली. एका बाईच्या मनात अंगणातला एकच प्रसंग परत परत येतो. मूल पडतं, ती धावते, पोचत नाही. दर वेळी थोडं अधिक कळतं. आई ती कथा पूर्ण ऐकते. तिसऱ्यांदा अंगण आलं की मान हलवते, जणू ओळखीचं कुणी आलं. मधली पानं तिच्याकडून गळून जातात, पण अंगण राहतं.

घाटमाथा सरांनी वारंवारता असा शब्द लिहिला. शास्त्र मला माहीत नाही. पण एखादी गोष्ट परत परत सांगितल्यानं जिचा क्रमच हरवलाय तिलाही गोष्ट मिळते, हे मी रोज बघते आहे.

घाटमाथा
मंगळवार, सकाळी ८.४०

ताई, वीस वर्षं मी वारंवारतेचं उदाहरण म्हणून ‘मृत्युंजय’ देत आलो. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण, तेच आयुष्य वेगवेगळ्या तोंडून परत येतं आणि दर वेळी निराळं दिसतं. उदाहरण बरोबरच आहे. पण यापुढे वर्गात तुमच्या आईंबद्दल सांगेन, तुमची परवानगी असेल तर. नाव-गाव घेणार नाही.

आकाशकंदील
मंगळवार, सकाळी ९.००

जरूर सांगा सर.

निपाणीकर
मंगळवार, दुपारी ४.२५

मी पहिल्या दिवशी घाईनं लिहिलं होतं, पण माझा एक मुद्दा अजून उभा आहे. लेखकाला सगळं आधीच माहीत असतं. तो पावत्या तेरा पानं लपवून ठेवतो आणि मला एका भल्या माणसाला चोर म्हणायला लावतो. हे प्रामाणिक आहे का? आमच्याकडे तंबाखूच्या व्यवहारात माल वरून चांगला आणि आत ओला निघाला तर त्याला काय म्हणतात ते लिहीत नाही.

दुभाषी
मंगळवार, संध्याकाळी ७.१०

दादा, प्रश्न रास्त आहे. माझी कसोटी सांगते. कथा कुणाच्या डोळ्यांनी चालली आहे ते बघायचं. खानापूरची कथा धाकट्याबरोबर चालते. त्याला पावत्या ठाऊक नाहीत, म्हणून आपल्यालाही नाहीत. हे लपवणं नाही, त्याच्या अज्ञानात आपल्याला सोबत घेणं आहे. तीच कथा थोरल्याच्या मनातून सांगितली असती, त्याची झोप, त्याचा शेताचा हिशोब सगळं दाखवलं असतं आणि फक्त आईचा आजार गाळला असता, तर मी पुस्तक मिटलं असतं. तो माल ओला.

निपाणीकर
मंगळवार, संध्याकाळी ७.३०

हे पटलं. कसोटी लिहून ठेवतो.

हिडकलकाठ
मंगळवार, रात्री ८.१५

मला एक विचारायचंय. उलट्या संचात सुरुवातीची तीन पानं धाकट्याचीच आहेत ना, ट्रंक तोच उघडतो? मग पुढे लहानपणापासूनचं सगळं तो आठवतोय असं त्या पाच जणांना वाटलं असणार. म्हणजे वेशीत ‘चोर’ म्हणणारा तरुण आणि ते आठवणारा पन्नाशीचा माणूस, दोघं एकदम त्यांच्यासमोर होते. सहा जणांना एकच धाकटा भेटला, पाच जणांना दोन.

मलप्रभाकाठ
मंगळवार, रात्री १०.२०

हिडकलकाठ ताई, हे नेमकं! त्या काकू मला हेच सांगत होत्या आणि मला कळत नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘टोपी थोरल्यानं काढली खरी, पण ती बघतोय कोण ते बघ की.’ टोपी धाकट्याच्याच लक्षात राहिली होती. बावीस वर्षं.

आज लेखकाला भेटलो. विचारलं, तुला कुठला क्रम हवा? तो अजून ठरवत नाही. म्हणतो, सरळ ठेवलं तर वाचक माझ्या चुकीत सामील होतो, उलट ठेवलं तर माझ्या पस्ताव्यात. ‘माझ्या’ म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात संच अदलाबदल करून वाचायचं ठरलंय. सरळवाल्यांनी उलटा, उलट्यावाल्यांनी सरळ. इथल्या कुणाला हवी असेल तर प्रत पाठवतो, लेखकाची परवानगी घेतली आहे.

गोकाकचीपोर
मंगळवार, रात्री १०.३५

मला पाहिजे. हळू वाचतो खरं वाचणार.

निपाणीकर
मंगळवार, रात्री १०.४०

मला उलटी.

आकाशकंदील
बुधवार, सकाळी ६.००

मलाही उलटी द्या. आईला वाचून दाखवेन.

शहापूरचामाग
बुधवार, सकाळी ६.४५

मला सरळ लावून द्या. पण पिन मारू नका, नुसता दोरा बांधा. एकदा वाचून झाली की दोरा सोडून तीन पानं माझी मी वर घेईन.